दुसरा यष्टिरक्षक

६ फेब्रुवारी २०१०. नागपूरजवळच्या जामठा मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली कसोटी सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. लक्ष्मण जखमी असल्यामुळे रोहित शर्माचे कसोटी पदार्पण ठरले होते. नाणेफेकीआधीच्या सरावात रोहितचा घोटा मुरगळला. संघाकडे अकरावा माणूस म्हणून एकच जण उरला, बंगालचा वृद्धिमान साहा. धोनीला काही झालेच तर हाताशी कोणी असावे, एवढ्यासाठी त्याला सोबत घेतले होते. साहा त्या दिवशी कसोटीपटू झाला खरा, पण फलंदाज म्हणून. ग्लोव्ह्ज धोनीच्याच हातात राहिले. पहिल्या डावात तो शून्यावर गेला, दुसऱ्या डावात त्याने ३६ धावा केल्या. भारत एका डावाने हरला. संघातली यष्टिरक्षकाची जागा साहाला स्वतःची म्हणून मिळाली ती २०१४ च्या अखेरीस धोनीने कसोटीतून निवृत्ती घेतल्यावर. तोवर त्याने तिशी गाठली होती.

याच जामठ्यावर १३ वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२३ रोजी, आंध्रच्या के. एस. भरतला भारताची कसोटी टोपी मिळाली. ऋषभ पंत डिसेंबरच्या अखेरीस मोटार अपघातात जबर जखमी झाला होता, म्हणून. भरतने त्याआधीच एका कसोटीत यष्टिरक्षण केले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला साहाची मान आखडली, तेव्हा तो बदली म्हणून मैदानात उतरला आणि त्याने झेलही घेतले. मात्र बदली खेळाडूचे झेल त्याच्या कारकिर्दीच्या आकड्यांत धरत नाहीत. धावफलकावर ‘बदली’ अशी नोंद राहते.

वाशिम जिल्ह्यातून जामठा आता फार दूर राहिलेले नाही. कारंजा किंवा शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढले की सरळ नागपूर. तिथे सामना पाहायला गेलात तर उपाहाराच्या सुट्टीत खुर्ची सोडू नका. मुख्य खेळाडू आत जातात आणि मैदानाच्या कडेला एक मुलगा पॅड बांधून, गुडघ्यात वाकून, प्रशिक्षकाने मारलेले चेंडू झेलत असतो. या प्रकरणाचा विषय तो आहे.

यष्टिरक्षकाच्या धंद्याचे गणित इतर खेळाडूंपेक्षा कठोर आहे. फलंदाजाला संघात पाच-सहा जागा असतात, वेगवान गोलंदाजाला दोन-तीन. एक नाही तर दुसरी मिळते. यष्टीमागे जागा एकच. ती ज्याच्याकडे आहे तो चांगला खेळत राहिला, तर त्याच्यामागच्याने कितीही चांगले खेळून उपयोग होत नाही. सय्यद किरमाणी १९७६ साली कसोटीत आला तो फारुख इंजिनिअरच्या मागे दौरे काढून. तो ८८ कसोट्या खेळला. त्याच्या सावलीत किरण मोरे १९८३ चा वेस्ट इंडीज दौरा करून आला आणि त्याची पहिली कसोटी उजाडली १९८६ मध्ये. मोरे ४९ कसोट्या खेळला, नयन मोंगिया ४४, धोनी ९०. चार माणसे, २७१ कसोट्या. त्या काळात देशभरातल्या रणजी संघांतून किती चांगले यष्टिरक्षक आले आणि वय उलटून घरी गेले, याचा विचार करून पाहा. त्यांतले बरेचसे कौशल्यात या चौघांच्या फार मागे नव्हते, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या जन्माचे साल चुकले, एवढेच.

कधी कधी मात्र मधेच दार उघडते. मार्च २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत मोंगिया जखमी झाला आणि मुंबईच्या समीर दिघेला चेन्नईत पदार्पण मिळाले, तेही वयाच्या ३२ व्या वर्षी. चौथ्या डावात १५५ धावांचा पाठलाग करताना गडी पडत गेले. दिघे एक टोक धरून नाबाद २२ वर उभा राहिला. भारत दोन गडी राखून जिंकला आणि मालिकाही आपली झाली. त्या मालिकेच्या आठवणीत लक्ष्मण आणि हरभजन येतात, यायलाच हवेत. पण त्या २२ धावा नसत्या तर कोलकात्याचा पराक्रम हरलेल्या मालिकेत विरून गेला असता. दिघे एकूण सहाच कसोट्या खेळला.

राखीव यष्टिरक्षकाचा दिवस मुख्य यष्टिरक्षकाच्या आधी सुरू होतो. बोटांना टेप, आत पातळ इनर, वर ग्लोव्ह्ज. मग नेटमध्ये फिरकी गोलंदाजांसमोर स्टंपला चिकटून उभे राहायचे. मुख्य यष्टिरक्षक त्या वेळी बहुधा फलंदाजीचा सराव करत असतो, त्यामुळे संघातल्या गोलंदाजांचे सर्वांत जास्त चेंडू सरावात झेलतो तो हाच. कोणत्या फिरकीपटूचा सरळ जाणारा चेंडू हातातून कसा सुटतो, कोणत्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू बॅट ओलांडल्यावर हेलकावतो, हे त्याला ठाऊक होऊन बसते. त्यानंतर फलंदाजांना थ्रो-डाउन टाकायचे, स्लिपच्या क्षेत्ररक्षकांना झेलांचा सराव द्यायचा, खेळ सुरू झाल्यावर पाणी आणि निरोप घेऊन धावायचे. आणि हे सगळे करताना अंग मोकळे ठेवायचे, कारण बोलावणे आले तर तयारीला पाच मिनिटेही मिळत नाहीत.

बोलावणे येण्याची शक्यता २०१७ पासून वाढली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला क्रिकेटचे नवे नियम लागू झाले आणि बदली खेळाडूला पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करता येऊ लागले. त्याआधी बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकत असे, यष्टीमागे उभा राहू शकत नसे. अकरांतल्याच कोणीतरी ग्लोव्ह्ज चढवायचे. प्रतिस्पर्धी कर्णधाराने मन मोठे केले तरच अपवाद. १९८६ साली लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडचा ब्रूस फ्रेंच हॅडलीचा चेंडू लागून जखमी झाला. त्याच्या जागी बिल अ‍ॅथीने काही षटके काढली. मग बॉब टेलर उभा राहिला. तो तेव्हा ४५ वर्षांचा होता, खेळातून निवृत्त होऊन पुरस्कर्त्या कंपनीच्या कामासाठी मैदानावर आला होता. न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनीने होकार दिला आणि उसन्या साहित्यावर टेलरने सुरेख यष्टिरक्षण केले. या टेलरने स्वतः उमेदीची वर्षे अ‍ॅलन नॉटच्या मागे काढली होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये यष्टीमागे सर्वाधिक १,६४९ बळींचा विक्रम त्याच्या नावावर आहे आणि तरीही इंग्लंडसाठी तो दीर्घकाळ दुसराच होता.

नव्या नियमाचा अर्थ जुलै २०२५ मध्ये त्याच लॉर्ड्सवर दिसला. पहिल्याच दिवशी पंतच्या बोटाला मार बसला आणि ध्रुव जुरेल आला. त्यापुढे त्या कसोटीत यष्टीमागे जुरेलच होता. पंत फक्त फलंदाजीला उतरला. पुढच्या मँचेस्टर कसोटीत पंतच्या पायाचे हाड मोडले आणि पुन्हा जुरेल. अकरांत नाव नसलेल्या माणसाने दोन कसोट्यांचे यष्टिरक्षण सांभाळले. राखीव यष्टिरक्षक नीट निवडणे ही आता निवड समितीची चैन राहिलेली नाही, हे या दोन सामन्यांनी सिद्ध केले.

या कामाला स्वतंत्र पेशाचा दर्जा ज्या खेळाने दिला तो बेसबॉल. तिथला कॅचर आपल्या यष्टिरक्षकासारखाच फलंदाजाच्या मागे असतो, पण त्याचे काम अधिक जड असते. प्रत्येक चेंडूला उकिडवे बसायचे, तोंडावर जाळी, छातीवर ढाल, आणि पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे पिचरला सुचवायचे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये संघाला हंगामात १६२ सामने खेळावे लागतात. गुडघे रोज तो भार सोसत नाहीत. म्हणून २६ जणांच्या संघात साधारणपणे दोन कॅचर असतात आणि दुसऱ्यालाही हंगामात बरेच सामने मिळतात. २०२५ साली त्या लीगमधले किमान वार्षिक वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते, तेही बाकावर बसणाऱ्यासकट सर्वांना.

काही दुसऱ्या कॅचरांची नेमणूक तर एकाच गोलंदाजासाठी होते. बोस्टन रेड सॉक्सच्या टिम वेकफिल्डचा मुख्य चेंडू होता नकलबॉल. जवळजवळ न फिरता येणारा हा चेंडू हवेत कुठे वळेल, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो झेलण्यात डग मिराबेली हा दुसरा कॅचर तरबेज. बोस्टनने २००५ च्या अखेरीस मिराबेलीला सॅन डिएगोला देऊन टाकले. पुढच्या हंगामात नव्या कॅचरच्या हातून वेकफिल्डचे चेंडू सटासट निसटू लागले. १ मे २००६ रोजी बोस्टनने मिराबेलीला परत मिळवले. विमानतळावरून पोलिसांच्या गाडीमागोमाग त्याला मैदानावर आणले आणि त्याने मोटारीतच गणवेश चढवला, कारण त्याच रात्री वेकफिल्ड गोलंदाजी करणार होता.

डेव्हिड रॉस १५ हंगाम मेजर लीगमध्ये खेळला, त्यांतले बहुतेक दुसरा कॅचर म्हणून. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात ३९ व्या वर्षी त्याने शिकागो कब्जसाठी होम रन मारला. तो त्याचा अखेरचा सामना ठरला. नंतर २०२० मध्ये तो त्याच संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक झाला. ब्रूस बोची ऐंशीच्या दशकात असाच अधूनमधून खेळणारा कॅचर होता. त्याने मॅनेजर म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला तीन वेळा आणि टेक्सासला एकदा वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. हा योगायोग मानायला मी तयार नाही. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सामना खेळतो. दुसरा तो पाहतो, आणि कोणत्याही क्षणी आपल्याला आत जायचे आहे हे मनात ठेवून पाहतो. असे वर्षानुवर्षे पाहणे ही प्रशिक्षकाची शाळाच असते.

आपल्याकडे या शाळेतून बाहेर पडलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित.

पंडित मुंबईचे, रमाकांत आचरेकरांच्या तालमीतले. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यावर मोरे आणि पंडित दोघेही होते. लॉर्ड्सवर मोरेने पदार्पण केले आणि यष्टीमागची जागा त्याची झाली. पुढच्या लीड्स कसोटीत पंडितांना संधी मिळाली, पण फलंदाज म्हणून. पुढच्या वर्षी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडले, पंडित आत आले, पुन्हा फलंदाज म्हणूनच. त्यांनी २४ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला. मोरेचा दर्जा निर्विवाद होता. १९८८ मध्ये चेन्नईला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने एका कसोटीत सहा फलंदाजांना यष्टिचीत केले, आणि असा माणूस पुढे असताना मागच्याने करायचे तरी काय? जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला, शेन वॉर्नच्या पदार्पणाच्या कसोटीत, यष्टीमागे पंडित होते. शास्त्रीच्या २०६ आणि तेंडुलकरच्या नाबाद १४८ धावांनी तो सामना लक्षात राहिला. पंडितांची एकूण कारकीर्द पाच कसोट्या आणि ३६ एकदिवसीय सामने.

मुंबईनंतर ते आसामकडून आणि मग मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगळूरला मध्य प्रदेशाचे कर्णधार तेच होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी कर्नाटकने सामना हिसकावला. ही जखम ते २३ वर्षे बाळगून होते. जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशाला मुंबईविरुद्ध सहा गडी राखून पहिली रणजी जिंकून दिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतले पाणी सगळ्यांनी पाहिले.

त्या दोन सामन्यांच्या मधे विदर्भ येतो. २०१७ साली ते इकडे आले तेव्हा विदर्भाने रणजी कधीही जिंकली नव्हती. मोठे संघ नागपूरला यायचे आणि गुण घेऊन जायचे, हे आमच्या पिढीने पाहिलेले आहे. पंडितांची शिस्त कडक. कर्णधार फैज फझल, अनुभवी वसीम जाफर आणि बाकी बरीचशी विदर्भातली पोरे. इंदूरच्या अंतिम सामन्यात, १ जानेवारी २०१८ रोजी, विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक सर्वांना आठवते. त्याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणी पदार्पण झाले. अंतिम सामन्यात नवख्या मुलाच्या हाती चेंडू देणे सोपे नसते. बाकावरच्या मुलाची तयारी किती झाली आहे, हे बाकावर बसून गेलेल्या माणसाला कळते. पुढच्या वर्षी विदर्भाने सौराष्ट्राला हरवून रणजी राखली.

इंदूरला विदर्भाचा आणखी एक तरुण गाजला: पहिल्याच हंगामातला यष्टिरक्षक अक्षय वाडकर, १३३ धावा. लाल चेंडूच्या सामन्यांत विदर्भाची यष्टी त्यानंतर त्याचीच राहिली. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध ५३८ धावांचा पाठलाग करताना त्याने कर्णधाराला शोभणारे शतक केले. तो सामना गेला, पण पुढच्याच हंगामात जामठ्यावर केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीच्या जोरावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कर्णधार वाडकरच.

वाडकर असा स्थिरावला, म्हणून अमरावतीच्या जितेश शर्माची वाट अडली. कारंजेकरांना अमरावती म्हणजे शेजार, तेव्हा जितेशकडे आपण घरच्या मुलासारखे पाहिले तर चूक नाही. लहानपणी त्याला सैन्यदलात जायचे होते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून तो क्रिकेटकडे वळला, असे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. रणजी पदार्पण २०१५ मध्ये झाले. पण विदर्भाकडून त्याचे प्रथम श्रेणी सामने वीसही भरले नाहीत. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने त्याला २०१६ साली घेतले. दोन हंगाम तो त्या संघात होता, २०१७ ला संघ विजेताही झाला, आणि जितेशला एकही सामना मिळाला नाही. त्यानंतर पुन्हा आयपीएलची हाक आली ती २०२२ मध्ये, पंजाबकडून, २० लाखांत. तोवर तो २८ वर्षांचा झाला होता.

मधल्या वर्षांत त्याने केलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. चार दिवसांच्या सामन्यात वाडकर असणारच, हे मान्य करून त्याने पांढऱ्या चेंडूवरची स्वतःची जागा पक्की केली. डावाच्या शेवटी येऊन दहा-पंधरा चेंडूंत सामना फिरवायचा, हे काम त्याने आपले मानले. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत ५१ केल्या आणि विदर्भ अंतिम फेरीत गेला. आयपीएलमध्ये बंगळूरने त्याला ११ कोटींना घेतले होते. २७ मे २०२५ रोजी लखनौला २२८ धावांचा पाठलाग करताना, त्या दिवसापुरता कर्णधार असलेल्या जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा ठोकल्या. ३ जूनला बंगळूरने पहिले आयपीएल विजेतेपद मिळवले. त्या संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होता दिनेश कार्तिक, ज्याच्या कसोटी पदार्पणानंतर दोन महिन्यांच्या आत धोनी भारतीय संघात आला आणि ज्याची जवळजवळ सगळी कारकीर्द धोनीच्या मागे गेली. जितेशला शिकवायला त्याच्याइतका योग्य गुरू दुसरा कोण मिळाला असता?

भारतासाठी जितेश ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा खेळला आणि सुवर्णपदक घेऊन आला. २०२५ च्या अखेरीस ट्वेंटी-२० सामन्यांत संजू सॅमसनच्या आधी त्याला पसंती मिळू लागली होती. डिसेंबरमध्ये विश्वचषकाचा संघ जाहीर झाला तेव्हा त्यात सॅमसन आणि ईशान किशन होते. जितेशचे नाव नव्हते. सुरुवातीला सांगितलेले एका जागेचे गणित ते हेच. दरम्यान २०२५-२६ च्या हंगामासाठी तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. त्याला दोष देणाऱ्यांनी आधी त्याचे प्रथम श्रेणी सामने मोजावेत.

पैशाचेही बोलायला हवे, कारण घरचे आधी तेच विचारतात. रणजीत अकरांतल्या खेळाडूला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. हे दर २०२१ मध्ये ठरले. आयपीएलमध्ये २०२५ पासून प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख वेगळे मिळतात, पण ते मैदानात उतरणाऱ्याला. बाकावरच्या यष्टिरक्षकाच्या वाट्याला कराराची रक्कम तेवढी येते. राखीव यष्टिरक्षक संघाच्या सरावात सर्वांत जास्त राबतो, म्हणून त्याचे मानधन निम्म्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. इतर राखीवांचे राहू द्या, या एका जागेला पूर्ण मानधन मिळाले पाहिजे.

आणि वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, कारंजा इथे शाळांचे आणि क्लबांचे संघ निवडणाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे यष्टिरक्षक बहुधा ठरतो तो ज्याच्याकडे ग्लोव्ह्ज आहेत त्यावरून, आणि तो जखमी झाला की मिळेल त्याला उभे केले जाते. यंदा संघ निवडताना दोन यष्टिरक्षक निवडा. दुसऱ्यासाठी ग्लोव्ह्जची जोडी संघाच्या पैशातून घ्या, आठवड्यातून एक दिवस नेटमध्ये सगळे फिरकी गोलंदाज त्याच्या हवाली करा आणि साखळीतला निदान एक सामना त्याला पूर्ण खेळू द्या.